घडीचा टेबल-माग: काटकोन, ताण आणि 280 धागे

खोकं उघडलं की त्यात माग कुठे दिसतच नाही. लाकडाच्या पट्ट्या, दोन गोल रूळ, एक पोलादी फणी, पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा आणि छोट्या पिशव्यांमधून वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू. माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. तिथे माग आधी कानाला कळतो, मग डोळ्यांना. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासूनची ती खडखड आजही गल्लीबोळांतून चालू आहे. त्यामुळे पुण्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मुक्यानं तुकड्या-तुकड्यांत पडलेला माग बघताना आधी परकं वाटलं. पण माहितीपत्रकातली चित्रं उलगडत गेलो तशी एकेक ओळख पटत गेली. ही फणी, या वह्या (धागे उचलणाऱ्या चौकटी), हा धोटा (आडवा धागा नेणारा), हे ताण्याचं बीम (उभे धागे गुंडाळायचा रूळ). आकार लहान, पण सगळी घरचीच मंडळी.

असा माग घेतलेल्यांची किंवा घ्यायचा विचार असलेल्यांची अडचण बहुधा एकच असते. माहितीपत्रक कुठला स्क्रू कुठे लावायचा ते सांगतं, पण का ते सांगत नाही. आणि 'का' कळलं नाही तर पहिल्या विणकामात काहीतरी बिघडतं आणि नेमकं काय बिघडलं ते शोधता येत नाही. माझ्या मते सगळ्या जोडणीत सांभाळायच्या गोष्टी दोनच आहेत: चौकट काटकोनात हवी आणि प्रत्येक धाग्यावरचा ताण सारखा हवा. बाकीची प्रत्येक कृती या दोहोंपैकी एकीसाठी असते.

उदाहरणादाखल मी डोळ्यांसमोर ठेवतो तो चार वह्यांचा, 40 सेंटिमीटर रुंदीचा घडीचा माग. न्यूझीलंडमधल्या ॲशबर्टनची ॲशफर्ड ही 1934 साली सुरू झालेली कंपनी असे माग 40, 60 आणि 80 सेंटिमीटर रुंदीत बनवते. नेदरलँड्सच्या लुएट कंपनीचा 'जेन' हा आठ वह्यांचा घडीचा मागही बराच वापरला जातो. आपल्याकडे टेक्स्टाइल डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये टेबल-माग असतातच, आणि तसे देशी बनावटीचे मागही मिळतात. घडी कुठे मोडते, दांडे कुठे बसतात यात फरक असतो. तत्त्व सगळ्यांचं एकच.

आधी माग काय करतो ते

कापड म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे. उभे तो ताणा, आडवे तो बाणा. ताणा मागच्या बीमवर गुंडाळलेला असतो, तिथून पुढे येतो आणि विणून झालेलं कापड पुढच्या बीमवर गुंडाळलं जातं. या दोन बीमांच्या मध्ये ताणा ताठ उभा असतो, आणि त्यातले काही धागे वर उचलले की मध्ये एक त्रिकोणी वाट उघडते. त्या वाटेतून धोटा या काठाहून त्या काठाला गेला, की बाण्याचा एक धागा पडला. आमच्याकडे त्याला पीक म्हणतात. यंत्रमागाची मजुरी या पिकांवरच ठरते.

धागे उचलायचं काम वहीचं. इथे वही म्हणजे लिहायची नव्हे. वर-खाली दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ताणून लावलेले दोरे, प्रत्येक दोऱ्याच्या मध्यावर एक डोळा. ताण्याचा प्रत्येक धागा कुठल्या ना कुठल्या वहीच्या एका डोळ्यातून जातो. वही उचलली की तिचे सगळे धागे एकदम वर. हल्ली हे दोरे बहुतेक टेक्सॉल्व्ह नावाचे, मूळचे स्वीडिश, पॉलिएस्टरचे असतात. ते गंजत नाहीत आणि धाग्याला घासतही नाहीत.

वहीतून पुढे आलेले धागे फणीतून जातात. फणी दोन कामं करते. धाग्यांमधलं अंतर राखते, आणि पडलेलं पीक ठोकून आधीच्या पिकाला भिडवते. फणी ज्या झुलत्या चौकटीत बसते ती हात्या.

येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या कारागिराचे पाय खड्ड्यात असतात. पायानं पावडी दाबली की वही हलते, हात धोट्यासाठी मोकळे राहतात. टेबल-मागाला पावडी नाही. वह्या वर बसवलेल्या दांड्यांनी हातानेच उचलायच्या, मग धोटा हातानेच सारायचा, मग हात्या हातानेच ओढायचा. म्हणून तो सावकाश चालतो. पण या सावकाशीतच त्याची मोठी सोय आहे. प्रत्येक दांडा स्वतंत्र असल्यामुळे कुठल्याही वह्या कुठल्याही जोडीनं उचलता येतात. चार वह्यांमध्ये सगळ्या खाली आणि सगळ्या वर हे दोन प्रकार सोडले तर 14 वेगवेगळे मेळ होतात. आठ वह्यांत ते 254 होतात. पायाच्या मागावर हे मेळ आधी दोरीनं बांधून ठेवावे लागतात. इथे मनात आलं की लगेच करून बघता येतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला माग मला माहीत नाही.

जोडणी

लाकूड कच्चं, बिनपॉलिशचं आलं असेल तर स्क्रू हातात घेण्याआधी मेणाचा हात फिरवून एक रात्र वाळू द्या. हे दिसण्यासाठी नाही. आपल्या जूनमध्ये, आणि कोकणात तर सप्टेंबरपर्यंत, हवेतला दमटपणा उघड्या लाकडात शिरतो, लाकूड फुगतं आणि खाचेतला दांडा अडकायला लागतो. विशेषतः पट्टीच्या कापलेल्या टोकांना मेण नीट लावा, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शोषलं जातं.

मग सगळे भाग टेबलावर मांडून यादीशी ताळा करा. स्क्रू लांबीनुसार वेगळ्या वाट्यांत काढा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर लाकडाच्या पलीकडून टोक बाहेर येतं आणि पुढे धाग्यांना ओरखडत राहतं. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासली तर तो सहज आत जातो आणि लाकूड चिरत नाही. स्क्रूड्रायव्हर हाताचा वापरा. ड्रिलमशीननं काम पटकन होतं खरं, पण मऊ लाकडातल्या आट्या एका क्षणात फिरून जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिल्या फेरीत एकही स्क्रू पूर्ण आवळू नका. दोन बाजूच्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, मधला वह्यांचा उभा सांगाडा, सगळं नुसतं उभं राहील इतपतच अडकवा. माग सपाट जमिनीवर ठेवा. टेबलाचा पाय हलत असेल तर फरशी बरी. मग मोजपट्टी घ्या आणि वरून दोन्ही कर्ण मोजा: पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. एक जास्त भरलं तर ज्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर जास्त आहे ते एकमेकांकडे हलकेच दाबा, पुन्हा मोजा. जुळलं की स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळा.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय कारण पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं. एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरीकडे वळलो होतो. कर्णांत आठ मिलिमीटरचा फरक राहिला. डोळ्याला अजिबात दिसत नव्हता. दिसला तो कापडात: उजव्या काठाकडे पिकं दाट, डावीकडे विरळ, आणि दोन फूट विणेपर्यंत बाण्याची रेघ ठळक तिरकी झाली. फणी पुढच्या पट्टीला समांतर नसेल तर ती ठोकणार तिरकीच. मी धाग्यांत चूक शोधत बसलो होतो, आणि चूक लाकडात होती.

बीमच्या टोकाला दातेरी चाक असतं आणि त्यात अडकणारी खिटी. बीम एका दिशेनं फिरावं, उलट फिरू नये, ही त्यांची जबाबदारी. सगळा ताण याच दोन तुकड्यांवर टेकलेला असतो. खिटी दाताच्या तळापर्यंत पूर्ण बसते ना, ते हाताने बीम ओढून तपासा. अर्धवट बसणारी खिटी विणताना मध्येच सुटते आणि सगळा ताणा भस्सकन सैल पडतो.

वह्या टांगताना दोऱ्यांची लांबी जुळवावी लागते. माग स्थिर असताना चारही वह्यांचे डोळे एका ओळीत हवेत, आणि मागच्या पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत ताणलेल्या सरळ रेषेच्या किंचित खाली. किंचित म्हणजे अर्धा सेंटिमीटर वगैरे. त्यामुळे खाली राहणारे धागे थोडे दबलेले राहतात आणि वर जाणारे धागे त्यांच्यापासून स्वच्छ वेगळे होतात. मागच्या पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत एक दोरा ताणून बांधा आणि त्यावरून चारही वह्या बघा. एखादी वही दोन-तीन मिलिमीटर जरी खाली राहिली, तरी ती उचलल्यावर तिचे धागे वाटेत लोंबतात आणि धोटा त्यांच्या खालून जाण्याऐवजी वरून जातो.

शेवटी घडीचा सांधा. माग पूर्ण उघडा, विंग नट किंवा मूठ घट्ट करा आणि पुन्हा एकदा कर्ण मोजा. उघडलेल्या अवस्थेत सांधा हलता कामा नये. टेबलावर ठेवताना खाली रबराची चटई घाला किंवा क्लॅम्पनं धरा, कारण हात्या ओढला की हलका माग तुमच्याकडे सरकत येतो. पुढची पट्टी तुमच्या कोपरांच्या थोडी खाली येईल एवढी बैठकीची उंची असावी. खांदे उचलून विणलं तर अर्ध्या तासात मान धरते.

सूत आणि हिशोब

पहिल्यांदा तीन रुमाल विणा. मोठं काही नको.

सूत घ्या 2/10 चं सुती. म्हणजे 10 नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. सुताचा नंबर कसा ठरतो हे समजून घेण्यासारखं आहे: एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात, तो त्याचा नंबर, म्हणजे काउंट. नंबर मोठा तितकं सूत बारीक. 10 नंबरचे दोन पदर एकत्र आले की तेवढ्याच लांबीचं वजन दुप्पट, म्हणून हिशोबाला नंबर 5 धरायचा. पाच गुणिले 840, म्हणजे पौंडाला 4200 यार्ड.

आता इंचात किती धागे? पट्टीवर हे सूत न ताणता, न दाबता, शेजारी-शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. साध्या विणीत निम्मी जागा बाण्याला द्यावी लागते, म्हणून त्याच्या निम्मे. या सुताचे चाळीसच्या आसपास वेढे बसतात, तेव्हा इंचाला 20 धागे. मागाबरोबर आलेली फणी इंचाला 10 घरांची (घर म्हणजे फणीतली एक फट) असेल तर प्रत्येक घरात दोन धागे. हिशोब जमला.

फणीत रुंदी 14 इंच ठेवू. 14 गुणिले 20, म्हणजे 280 धागे. चार वह्यांत वाटले की प्रत्येकीत 70.

लांबी: 16 इंचांचे तीन रुमाल म्हणजे 48. दुमडायला प्रत्येकी दोन इंच, झाले 54. उभा धागा आडव्याच्या वर-खाली नागमोडी जातो म्हणून कापड ताण्यापेक्षा आखूड भरतं, आणि धुतल्यावर आटतंही. दोन्ही मिळून 11 इंच धरले की 65. उरली मागाची घट. बीमपासून वहीपर्यंतचा शेवटचा तुकडा विणता येत नाही, सुरुवातीच्या गाठी वाया जातात. टेबल-मागावर त्यासाठी 24 इंच बाजूला ठेवा. एकूण 89, म्हणजे अडीच यार्ड. 280 धागे गुणिले अडीच, 700 यार्ड. पौंडाच्या एक षष्ठांश, साधारण 76 ग्रॅम. बाण्याला 55 ते 60 ग्रॅम. 200 ग्रॅम सूत आणलं की चुका करायला पुरेशी मोकळीक राहते.

घट विसरली तर काय होतं ते सांगतो: तिसरा रुमाल अर्धा होतो. 24 इंच ऐकायला फार वाटतात, पण तो खर्च एका रुमालाला जेवढा तेवढाच दहा रुमालांना. म्हणून ताणा जरा लांबच करावा.

ताणा

इथे वेळ लागतो. माझं पहिलं पीक पडायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि आजही या कामाला मी एक पूर्ण रविवार देतो. तो वेळ वाया जात नाही. कापड बिघडायचं असेल तर इथेच बिघडतं.

ताणा काढायला खुंट्यांची चौकट लागते. ती नसेल तर टेबलाच्या दोन टोकांना क्लॅम्प आणि उलटी ठेवलेली खुर्चीही चालते. सगळे धागे एकाच लांबीचे असणं ही पहिली अट. दुसरी अट फुलीची. एका टोकाला दोन खुंट्यांभोवती धागा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, जाताना पहिल्या खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून, येताना त्याउलट. त्यामुळे मध्ये फुली पडते आणि प्रत्येक धागा आपापल्या क्रमानं अडकून राहतो. फुली नसेल तर 280 धागे हा नुसता गुंता आहे. फुली असेल तर तो रांगेत उभा असलेला ताणा आहे. दर 20 धाग्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं खूण करत जा, म्हणजे पुन्हापुन्हा पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

चौकटीवरून काढण्याआधी फुलीच्या चारही भुजा दोऱ्यानं बांधा, आणि ताण्याला हातभर अंतरावर दोन-तीन ठिकाणी करकचून बांधा. मग साखळीसारखा गुंफत काढा.

बीमवर गुंडाळताना दोन माणसं असावीत. एक बीम फिरवतं, दुसरं समोर उभं राहून ताणा दोन्ही मुठींत धरून मागे रेलतं. माझ्या घरी हे काम आईनं केलं. तिनं कधी माग चालवला नाही, पण मुठीत धागे सारखे आहेत की नाहीत हे तिला माझ्या आधी कळतं. "डावीकडचे सैल आहेत रे, थांब," ती म्हणायची, आणि खरंच असायचे. धागे ओढून-ताणून विंचरायचा मोह आवरा. विंचरलं की काही धागे लांबतात, काही आक्रसतात. ताणा नुसता हलकेच झटकला तर धागे आपोआप सुटे होतात.

गुंडाळताना प्रत्येक थराखाली खाकी कागद घाला, ताण्यापेक्षा दोन्हीकडून दोन-दोन बोटं रुंद. कागद नसेल तर वरच्या थराचे धागे खालच्या थराच्या फटींत रुततात. रुतलेल्या धाग्याचा वेढा लहान, न रुतलेल्याचा मोठा. मग विणता-विणता काही धागे ताठ आणि काही लोंबकळते होतात, आणि त्यावर नंतर काही इलाज नाही. एका कागदावर पूर्ण विणकाम टिकतं किंवा मोडतं, इतकं हे महत्त्वाचं आहे.

आता वही भरायची. इचलकरंजीत हे स्वतंत्र कसब आहे; हे काम करणाऱ्यांना वहिफणी कामगार म्हणतात. दोघं समोरासमोर बसतात. मागचा एकेक धागा पुढे करतो, पुढचा वहीच्या डोळ्यातून हूक घालून तो ओढून घेतो. हजारो धागे असेच हातून जातात, आणि बघणाऱ्याला हूक दिसतही नाही. आपल्याला 280 च भरायचे आहेत.

सुरू करण्याआधी प्रत्येक वहीवर 70 दोरे आहेत ना ते मोजून घ्या. मध्येच कमी पडले तर भरलेलं सगळं उपसावं लागतं. क्रम सोपा: पहिला धागा पहिल्या वहीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. फुलीत दोन काठ्या घालून ठेवा, त्यावरून पुढचा धागा कुठला ते दिसतं. चार धागे झाले की थांबा, बोटावर घेऊन बघा: एक, दोन, तीन, चार. बरोबर असतील तर त्यांना एक सरकगाठ मारा आणि पुढे जा. हे चार-चारचं तपासणं कंटाळवाणं वाटतं. पण 37 व्या धाग्याची चूक 280 व्या धाग्यावर सापडली तर मधले सगळे धागे काढावे लागतात. दिवसाच्या उजेडात करा. काळं सूत रात्री भरू नका.

फणी भरणं त्या मानानं झटपट होतं. मध्यापासून सात इंच मोजून खूण करा आणि तिथून सुरुवात करा म्हणजे कापड मागाच्या मधोमध येईल. प्रत्येक घरात दोन. एखादं घर मोकळं राहिलं तर कापडात उभी फट दिसते, तीन गेले तर उभा पट्टा. वहीतून फणीकडे येताना दोन धाग्यांनी एकमेकांना ओलांडलं तर त्या जागी वाटच उघडत नाही. हूक हरवला तर जुन्या प्लास्टिक कार्डाची पातळ पट्टी कापून तिला खाच पाडा, तेवढ्यानं काम भागतं.

मग पुढे बांधणी. इंचाइंचाचे, म्हणजे 20 धाग्यांचे झुबके करा. आधी मधला बांधा, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, असं काठापर्यंत. पहिल्या फेरीत फक्त अर्धी गाठ, दोन वेढ्यांची. सगळे झुबके बांधून झाले की पहिले सैल झालेले असतात. ते पुन्हा ओढा.

आता डोळे मिटा आणि तळहात ताण्यावर सपाट ठेवून डावीकडून उजवीकडे हलकेच थोपटत न्या. तबल्याची पुडी थोपटून बघावी तसं. ज्या जागी हात जास्त खाली जातो तिथला झुबका सैल. डोळ्यांना हे दिसत नाही, तळहाताला कळतं. सैल झुबका सोडून ओढा, पुन्हा थोपटा. सगळीकडे एकच उत्तर आलं की गाठी पक्क्या करा.

पहिली पिकं

पहिले दीड-दोन इंच टाकाऊ, जाडसर सुतानं विणा. झुबक्यांमुळे धागे पंख्यासारखे फाकलेले असतात, ते इथे सरळ होतात. आणि चुका इथेच दिसतात. पहिली आणि तिसरी वही उचला, पीक टाका. दुसरी आणि चौथी उचला, पीक टाका. ही साधी वीण. दोन शेजारचे धागे जोडीनं वर जाताना दिसले तर वहीत चूक आहे. एखादा धागा चुकीच्या वहीत असेल तर सगळं उपसू नका. योग्य वहीवर सुती दोऱ्याचा, मध्ये डोळा ठेवलेला नवा दोरा बांधा आणि धागा त्यात घ्या.

आता एक आणि दोन, दोन आणि तीन, तीन आणि चार, चार आणि एक, असे उचलून बघा. कापडावर तिरकी रेघ चढायला लागते. जीन्सच्या कापडावर असते तशी ती ट्विल. धागे तेच, भरणी तीच, फक्त उचलण्याचा क्रम बदलला.

धोटा सारल्यावर बाणा सरळ ताणून ठोकू नका. त्याला तिरका ठेवा, काठाशी जवळ आणि दुसऱ्या काठाकडे चढत गेलेला, आणि मग हात्या ओढा. बाण्यालाही नागमोडी जायचं असतं, त्यासाठी जास्तीची लांबी लागते. ती दिली नाही तर तो काठ आत ओढतो. 14 इंचांचं कापड बघता-बघता 12 होतं, काठाचे धागे फणीत घासतात आणि तुटतात. काठ वाकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांची अडचण हीच असते.

हात्या जोरात एकदा ओढण्यापेक्षा दोनदा हलका ओढा. दर इंचाला 20 पिकं येतात का ते पट्टी लावून मोजा. ताण्यात 20, बाण्यात 20 असे असले की कापड दोन्हीकडून सारखं पडतं. दोन-तीन इंच विणलं की कापड पुढे गुंडाळा, कारण कापडाची कड फणीच्या जवळ आली की वाट अरुंद होते.

धागा तुटणारच. घाबरायचं काही कारण नाही. नवा धागा घ्या, त्याच डोळ्यातून, त्याच घरातून पुढे आणा, कापडात टाचणी टोचून तिच्याभोवती आठच्या आकड्यात गुंडाळा, आणि मागचं टोक वजन लावून बीमवरून खाली सोडा. वारंवार तुटत असतील तर हवा कोरडी आहे का बघा. सूत ओलसर असताना जास्त मजबूत असतं. पाण्याचा हलका फवारा किंवा मागाखाली ओलं फडकं पुष्कळ काम करतं. पूर्वी ताण्याला खळ देऊन पांजणी करत ती याचसाठी, धाग्यावर एक कवच चढावं म्हणून. दोन पदरी सुताला तिची गरज पडत नाही.

अर्धवट विणकामासकट घडी घालता येते, आणि असा माग घेण्याचं निम्मं कारण तेच असतं. आधी खिटी उचलून ताण दोन-तीन दात सैल करा. धोटा काढून ठेवा. हात्या दोरीनं बांधा, नाहीतर उचलताना तो झोका घेतो आणि विणलेल्यावर आदळतो. मग सांध्याचे नट सैल करून घडी घाला. उघडताना क्रम उलटा: आधी नट पूर्ण घट्ट, मग ताण. नट सैल असताना ताण दिला तर धागे चौकटीलाच आत ओढतात आणि काटकोन जातो.

तीन रुमाल झाले की सगळा ताणा कापून टाकू नका. कापड फणीच्या पुढे कापा आणि धाग्यांची टोकं फणीत आणि वहीत तशीच राहू द्या, पुढे झुबक्या-झुबक्यांनी गाठ मारून. कापड कोमट पाण्यात धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री करून घ्या. मागावर जाळीदार वाटणारे धागे पाण्यात फुगून एकमेकांना धरतात आणि तेव्हा ते खरं कापड होतं. पुढच्या वेळी नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बांधायचा आणि सगळं हलकेच ओढून घ्यायचं. 280 गाठी मारायच्या, पण वही आणि फणी पुन्हा भरायची नाही. दोघं बसलात तर एका दुपारचं काम आहे.